दुर्गाडीवरची कवायत

१८८५ च्या चैत्रात, रूसच्या फौजेनं पंजदेहला अफगाणांचा मोड केल्याची बातमी ठाण्यात पोचली आणि मासुंदा तळ्याच्या काठी संध्याकाळी बसणारी पेन्शनर मंडळी एकदम नकाशांविषयी बोलू लागली. हेरात कुठे, खैबर कुठे, रूस आता किती मजलांवर आला, यावर वाद रंगू लागले. ज्यांनी जन्मात कसारा घाट ओलांडला नव्हता तेसुद्धा कंदाहारच्या रस्त्याची माहिती देत होते.

महिपत टिपणीस त्याच दिवसांत सुटीसाठी मुंबईहून घरी आला. तो बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होता. वडील भास्करराव कलेक्टर कचेरीत हेडकारकून होते. मुलगा हुशार होताच, पण लोक त्याला ओळखत ते त्याच्या बोलण्यासाठी. कॉलेजच्या वादसभेत तो उभा राहिला की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबायची.

मुंबईत त्यानं एक गोष्ट ऐकली होती. लढाईचा प्रसंग आलाच तर शहरांच्या रक्षणासाठी शिकलेल्या एतद्देशीय तरुणांनाही व्हॉलंटियर म्हणून कवायत शिकू द्यावी, असा अर्ज सरकारकडे करायचं चाललं होतं. गोऱ्यांच्या अशा पलटणी होत्याच. कल्याणला रेल्वेतले गोरे आणि अर्धगोरे नोकर रविवारी गणवेश चढवून मैदानात जमत. आठवडाभर इंजिनात कोळसा टाकणारा माणूस त्या दिवशी खांद्यावर बंदूक घेऊन ताठ चालायचा. महिपतनं ते पाहिलं होतं आणि त्याला ते लागलं होतं.

त्यानं ठाण्यातल्या आणि कल्याणातल्या विद्यार्थ्यांना शाळेच्या लांबट खोलीत गोळा केलं. कॉलेजात जाणारे होते, मॅट्रिकची तयारी करणारेही होते.

"आपल्या घरादाराचं रक्षण दुसरा कुणीतरी करील आणि आपण ओट्यावर बसून त्याची बातमी वाचू," तो म्हणाला. "सरकार आपल्यावर विश्वास ठेवत नाही अशी आपली तक्रार आहे. पण विश्वास मागून मिळत नाही. मी मरायला तयार आहे असं जो म्हणतो, त्यालाच तो मिळतो. मी तयार आहे. माझ्याबरोबर कोण येतं?"

सगळ्यांत आधी उठला तो कल्याणचा आनंदा सुर्वे. कॉलेजात तो महिपतच्या एक वर्ष मागे होता आणि गिरगावात दोघं एकाच खोलीत राहायचे. वडील मामलेदार कचेरीत कारकून होते, ते गेल्यावर आई कमळाबाईंनी त्याला शिकवत ठेवलं होतं. सभेत कधी तोंड न उघडणारा हा मुलगा उभा राहिला, सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात येताच लाजला, पण खाली बसला नाही. मग बाकं सरकू लागली आणि जवळजवळ सगळी खोली उभी राहिली.

कवायत शिकवायला माणूस हवा होता. तानाजी सकपाळ नावाचे हवालदार पेन्शन घेऊन कल्याणात पारनाक्याजवळ राहायचे. अफगाणिस्तानच्या मोहिमेतून परत आलेले. महिपत आणि आनंदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते अंगणात वाकून मिरच्यांच्या रोपांना पाणी घालत होते.

"मला भाषण जमत नाय," महिपतचं बोलणं पुरं व्हायच्या आतच ते म्हणाले.

"भाषण नको, हवालदार. आम्हाला कवायत शिकवा."

"बंदुका कुठायत?"

"सध्या काठ्या. हत्यारांचा कायदा आहे ना. परवानगी आली की बंदुका मिळतील."

"आणि नाय आली तर?"

"येईल. न यायला काय झालं?"

हवालदारांनी तांब्या खाली ठेवला आणि आनंदाकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"तोवर चालायला तरी शिकू," आनंदा म्हणाला.

हवालदारांना हसू आलं. "उद्या सकाळी दुर्गाडीवर या," ते म्हणाले.

दुर्गाडी किल्ल्याच्या पडक्या बुरुजाजवळ, देवीच्या देवळामागे थोडी सपाट जागा होती. खाली खाडी होती. ओहोटीला चिखलाचा वास वर यायचा आणि मिठाचे मचवे भरतीची वाट बघत कलंडून पडलेले दिसायचे. ठाण्याची मुलं पहिल्या गाडीनं यायची. धोतरं खोचून, काठ्या खांद्याला लावून सगळे रांगेत उभे राहायचे. पहिल्या आठवड्यात कुणाचा डावा पाय कुणाच्या उजव्याशी जुळला नाही. देवीला येणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मग हळूहळू पावलं एकत्र पडू लागली. महिपतला त्या आवाजानं भरून यायचं. आनंदा काहीच बोलायचा नाही, पण सांगितलेलं त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

हवालदारांचा एक नियम होता. कवायत संपल्यावर पाण्याची घागर आधी रांगेतल्या सगळ्यांत अशक्त पोराकडे जायची. त्याचं होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. एकदा खोपटच्या एका मुलानं विचारलं, "हवालदार, तुम्ही लढाईत किती गनीम मारले?"

"ते नाय ध्यानात," हवालदार म्हणाले. "पाणी ध्यानात हाय. मैवंदची लढाई हरून कंदाहारला माघारी आलो तेव्हा वाटेत पाणी नव्हतं. ज्याच्यापाशी होतं त्यानं लपवलं. माझ्या शेजारच्या गड्यानं आपलं मला दिलं. तो कंदाहारला पोचला नाय. मी पोचलो."

दुसऱ्या दिवशी रांग बरीच आखूड झाली होती. महिपत चिडला. "पोरांना असलं सांगू नका, हवालदार. इथं आणायला मला किती बोलावं लागतं!"

"आसं बोलून आणलेली पोरं पुढं काय कामाची?" हवालदार शांतपणे म्हणाले. "घाबरू द्या त्यांना. त्यातून जी येतील ती तुमची."

आनंदा आलेला होता. तो रोज यायचा.

कॉलेज उघडायच्या सुमाराला वारं फिरलं. रूस आणि इंग्रज यांच्यात बोलणी होऊन लढाई टळली, आणि नेटिवांच्या व्हॉलंटियर पलटणी काढायची सरकारची इच्छा नाही हेही कळून चुकलं. एका संध्याकाळी भास्कररावांनी कचेरीतून आल्यावर पगडी खुंटीला अडकवली आणि महिपतला हाक मारली.

"साहेबांनी आज मला सहज विचारलं, तुमचे चिरंजीव कल्याणला काठ्या घेऊन काय करतात?"

"रागावले का?"

"हसत विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं." "तुझ्या दोन बहिणींची लग्नं व्हायची आहेत, महिपत. मी तुला थांब असं सांगत नाही. तू काय करणार आहेस ते फक्त मला आधी कळू दे."

त्या रविवारी महिपतनं दुर्गाडीवर कवायतवर्ग बंद झाल्याचं जाहीर केलं. आता लेख लिहू, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, असं तो म्हणाला. तेव्हाही तो चांगलंच बोलला. मुलांनी काठ्या देवळाच्या भिंतीला टेकवल्या आणि ती पांगली. आनंदा आणि महिपत टेकडी उतरू लागले.

"म्हणजे सरकार हो म्हणालं असतं तरच आपण तयार होतो?" आनंदानं विचारलं.

"तसं नाही रे. वेळ बघावी लागते."

"सभेत तू वेळेचं काही बोलला नव्हतास."

"अरे, सभा ही सभा असते! तिथं माणसं उठवायची असतात."

आनंदा थांबला. "मी उठलो ना," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "तू मला उठवलंस, आणि आता बस म्हणतोस. मला बसता येत नाहीये, महिपत."

गाडीची वेळ झाली असं सांगून महिपत स्टेशनाकडे वळला.

गिरगावातल्या खोलीत त्या सत्रात आनंदाची वळकटी आलीच नाही. आषाढ अर्धा सरला तेव्हा कल्याणच्या एका मुलाकडून कळलं, की आनंदानं पुण्याला जाऊन एका नेटिव पलटणीत साधा शिपाई म्हणून नाव घातलं. इंग्रजी शिकलेला मुलगा म्हणून त्याला लिखापढीचं काम देऊ केलं होतं, ते त्यानं नाकारलं.

महिपत कल्याणला कमळाबाईंकडे गेला. त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी त्याला आत बोलावलं, पाट दिला, पाणी दिलं. त्या रडतील, बोलतील, दोष देतील, या सगळ्याची तयारी करून तो आला होता. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"तू सभेत बोललास आणि आनंदा उठला असं लोक सांगतात," त्या म्हणाल्या. "काय बोललास रे?"

"काकी, ते आता..."

"मला सांग की. त्याला सांगितलंस तसंच. मी काही शिकलेली नाही, पण मराठी कळतं मला."

महिपतनं सुरुवात केली. "आपल्या घरादाराचं रक्षण दुसरा कुणीतरी करील..." कमळाबाई सूप मांडीवर ठेवून त्याच्याकडे एकटक पाहत होत्या. भिंतीवरच्या खुंटीला आनंदाचं घरात नेसायचं धोतर टांगलेलं होतं. "विश्वास मागून मिळत नाही," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून निघेना. मी मरायला तयार आहे. शाळेच्या खोलीत ते किती सहज आलं होतं! इथं या बाईंच्या पुढ्यात ते उच्चारता येत नव्हतं.

"पुढं काय?" कमळाबाईंनी विचारलं. मग थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "राहू दे. बोलणं चांगलंच असणार. माझं पोर वाईट बोलण्यानं जायचं नाही."

त्याच हिवाळ्यात ब्रह्मदेशाची लढाई निघाली आणि पुढच्या वर्षी आनंदाची पलटण तिकडे गेली. महिपत बी. ए. झाला आणि ठाण्याच्या एका खाजगी शाळेत मास्तर म्हणून लागला. महिन्या-दोन महिन्यांनी तो कल्याणला जायचा, कमळाबाईंना बाजारहाट करून द्यायचा. दोघांचं बोलणं फारसं होत नसे. एकदा त्यांनी विचारलं, "ब्रह्मदेशातली माणसं आपल्यावर चालून आली होती का रे?" महिपत नाही म्हणाला. घरी परतताना तो प्रश्न त्याच्या मनातून हलला नाही.

१८८७ च्या दिवाळीनंतर आनंदा परत आला. तापानं खिळखिळा झाल्यामुळे पलटणीनं त्याला मोकळं केलं होतं. महिपत लगेच गेला, पण तेव्हा तो हुडहुडी भरून पांघरुणाखाली पडला होता आणि त्यानं डोळे उघडले नाहीत. पुढं थंडीत तो सावरला. त्याच सुमारास मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेनं नेटिवांना व्हॉलंटियर होऊ द्यावं असा ठराव पुन्हा केला, आणि त्याला पाठिंबा म्हणून ठाण्यात विद्यार्थ्यांची सभा घ्यायचं ठरलं. बोलायला अर्थातच महिपत. त्यानं हो म्हटलं, घरी जाऊन भाषण लिहायला बसला, आणि एक ओळही उतरेना. दुसऱ्या दिवशी तो कल्याणला गेला.

आनंदा मागच्या अंगणात उन्हात बसला होता. गालफडं बसलेली, केस विरळ. पण पाठ सरळ.

"ये," तो म्हणाला. "मास्तर झालास म्हणे."

"झालो." महिपत त्याच्यासमोर जमिनीवरच बसला. "आनंदा, तुझ्याकडे यायचं तोंड नाही मला."

"का? तू मला ढकललं नाहीस. मी माझ्या पायांनी गेलेलो."

"पण मी घरी राहिलो."

"राहिलास," आनंदा म्हणाला. "त्याचा राग होता. पहिलं वर्षभर होता. मग तिथं इतकं काही बघितलं की राग कुठे गेला कळलंच नाही." मग त्यानं विचारलं, "सभा आहे ना? आई म्हणत होती."

"मला बोलता येत नाहीये. पोरांना या म्हणू की नका म्हणू, हेच कळत नाही. तू सांग."

आत कमळाबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. "मीच येतो सभेला," आनंदा शेवटी म्हणाला.

शाळेच्या खोलीत मुलं दाटीवाटीनं बसली होती. मागे काही वडीलधारे होते, त्यांत भास्कररावही होते. महिपत एवढंच म्हणाला, "हा माझा मित्र आनंदराव सुर्वे. तीन वर्षांपूर्वी माझं भाषण ऐकून हा शिपाई झाला. आज तुम्ही याचं ऐका."

आनंदा टेबलाला धरून उभा राहिला. आवाज बारीक होता, मुलांना पुढं वाकून ऐकावं लागलं.

"ब्रह्मदेशात नदीकाठी एक गाव होतं," तो म्हणाला. "दरोडेखोरांना आसरा दिला म्हणून ते जाळायचा हुकूम झाला. आसरा दिला होता की नव्हता, ते मला ठाऊक नाही. आम्ही घरं जाळली, भाताची कोठारं जाळली. आपल्याकडे भात करपला की वास येतो ना, तसा वास. फक्त मोठा. दुपारी एक म्हातारी भांडं घेऊन आली आणि राखेतून भात वेचायला लागली. हात भाजत होते तरी वेचत होती. मला माझी आई दिसली. मी हललो नाही, कारण हलायचा हुकूम नव्हता."

मागे एक मुलगा नीट ऐकू यावं म्हणून उभा राहिला.

"मी घराच्या रक्षणासाठी गेलेलो. दुसऱ्याचं घर जाळून आलो. हे तुम्हाला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. बंदूक हातात आली म्हणून ती कुणावर धरायची हे आपल्याला कुणी विचारत नाही."

पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "म्हणजे आम्ही व्हॉलंटियर होऊ नये?"

"असं मी म्हटलं का?" आनंदानं त्याच्याकडे पाहिलं. "तिथं तापात माणसं पडायची. दोघं मिळून तिसऱ्याला उचलायचे, कुणाची जात कुणी विचारत नसे. मलाही असंच उचलून आणलं. ते मी तिथं शिकलो, कॉलेजात नाही. उद्या या देशावर खरंच कुणी चालून आलं तर आपल्याला एका रांगेत उभंसुद्धा राहता येत नाही. त्याची मला लाज वाटते. म्हणून शिका. पण आपलं घर कुठलं आणि शत्रू कोण, हे आपण ठरवू, असंही सरकारला सांगा. ते मिळायला माझं आयुष्य पुरणार नाही, कदाचित तुमचंही. तरी मागा, आणि तोवर तयार राहा."

आनंदा घाम पुसत म्हणाला, "पुढच्या रविवारपासून मी दुर्गाडीवर आहे. एकट्यानं कुणी यायचं नाही. घरातलं एक वडीलधारं माणूस बरोबर आणायचं. त्याला सगळं सांगून, त्याच्या तोंडचं हो घेऊन यायचं."

तो आठवडाभर महिपत शाळा सुटली की घरोघर फिरला. या वेळी भाषण नव्हतं. चेंदणीत, खोपटला, कल्याणच्या गल्ल्यांतून तो ओट्यांवर बसायचा आणि लोक विचारतील त्याला उत्तर द्यायचा. पोलीस त्रास देतील का? देतील कदाचित. नोकरीला बाध येईल? येऊ शकतो. मग यात मिळणार काय? त्यावर तो म्हणायचा, आज काहीच नाही. बहुतेक घरांतून नकार आला. एका वडलांनी त्याला हात धरून दाराबाहेर काढलं. महिपत नमस्कार करून पुढच्या घरी गेला. रात्री जेवताना भास्करराव म्हणाले, "साहेब या वेळीही विचारतील." महिपत म्हणाला, "विचारतील, बाबा. तुम्ही आधी सांग म्हणाला होतात, ते हे सांगतोय. मी जाणार आहे." भास्कररावांनी ताटातला भात संपवला, हात धुतले, आणि गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

रविवारी मुलं थोडीच आली. प्रत्येकाबरोबर कुणी ना कुणी होतं. एकाचे आजोबा काठी टेकत चढले होते. एका मुलाची विधवा आत्या आली होती, ती देवळाच्या पायरीवर कमळाबाईंशेजारी जाऊन बसली. हवालदार तानाजी आता चालताना दम खायचे, पण आले होते आणि रांगेकडे बारीक नजरेनं बघत होते. भास्करराव बुरुजाच्या सावलीत पगडी सारखी करत उभे होते.

आनंदानं पहिला हुकूम दिला. पोरांचे पाय जुळले नाहीत. एक जण वळायच्या उलट बाजूला वळला आणि शेजाऱ्यावर आदळला. देवळाच्या पायरीवरून कुणीतरी खुदकन हसलं. रांगेच्या टोकाला उभा असलेला महिपतसुद्धा चुकला होता. "पुन्हा," आनंदा म्हणाला, आणि सगळे पुन्हा ताठ उभे राहिले.

व्हॉलंटियरची परवानगी पुढं कित्येक वर्षं आली नाही. कवायत मात्र आनंदाच्या अंगात शक्ती होती तोवर चालली. पोलीस दोनदा चौकशीला आले, काठ्या बघून गेले. भास्कररावांची बढती त्या वर्षी झाली नाही आणि त्यांनी तिचा विषयही काढला नाही. आनंदाला दर पावसाळ्यात ताप यायचा. अशा दिवसांत दुर्गाडीवर त्याच्या जागी महिपत उभा राहायचा, आणि हुकूम देण्याआधी एकेका मुलाला विचारायचा, घरी सांगून आला आहेस ना?